ग्रामरच्या पुस्तकात सगळी टर्की आणि भोपळे, आमच्या बेंदराचं इंग्रजी कुठं शिकायचं?

विट्याची_सून

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. विट्याजवळ आमचं गाव, घरच्यांचा गलाईचा, म्हणजे सोनंचांदी गाळायचा धंदा, त्यामुळं लग्नानंतर सहा वर्षं तमिळनाडूत काढली आणि आता गावी परत आलोय. माझं शिक्षण बारावी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, २००० साली ते पहिलीपासून झालं पण तोवर आमची गाडी पुढं गेलेली. आता मुलगी सहावीत आहे सेमीला आणि रोज संध्याकाळी येऊन विचारते आई हे असं का ते तसं का, आणि मला काय सांगावं कळत नाही. म्हणून ठरवलं की आपणच आधी शिकायचं.

एक ग्रामरचं पुस्तक आणलं, चांगलं जाडजूड. त्यात धडे विषयावर पाडलेत, सणसुट्ट्यांवर एक, चालीरीतींवर एक, टेक्नॉलॉजीवर एक. कल्पना आवडली पण आत बघते तर सणाच्या धड्यात सगळं थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, टर्की भाजायची, हॅलोविनला भोपळे कोरायचे. पोरगी विचारते आई टर्की हा देश आहे ना मग तो भाजतात कसा. आता हसू की रडू.

मग म्हटलं आपल्याच सणावर लिहून बघू. बेंदरावर, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणावर लिहिलं. कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो म्हणून इंग्रजी पण देवनागरीतच टाकते:

"वी डू बेंदूर इन आषाढ. वी आर पेंटिंग द हॉर्न्स ऑफ बुल्स. लास्ट इयर ऑन बेंदूर आय हॅड गॉन टू माय मदर्स हाऊस."

मुलीच्या बाईंनी यात तीन ठिकाणी लाल केलं पण का ते सांगायला त्यांना वेळ नव्हता, त्यांचं पण बरोबर आहे, वर्गात पंचावन्न पोरं. तर विचारायचं हे की असं आपल्या सणांवरून, रोजच्या रीतीवरून, मोबाईलवरून ग्रामर खरंच शिकता येतं का, का ही नुसती पळवाट आहे? आणि एक गंमत सांगते, तमिळ मला दुकानात बसून वर्षभरात बोलता यायला लागलं, एक नियम पाठ न करता. इंग्रजीचं मात्र बारावीपर्यंत ग्रामर करून पण तोंड उघडत नाही. असं का होतं?

रांगडा_सातारी

टर्कीच्या जागी गावरान कोंबडा लिहा, ग्रामर तेच राहतंय 😀

वाईचे_मास्तर

ताई, पळवाट अजिबात नाही. मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि माझ्या नोकरीतली पहिली दहा वर्षं मी पोरांना पुस्तकातली वाक्यं पाठ करायला लावण्यात घालवली याचं मला आजही वाईट वाटतं. असो. तुमच्या तीन चुका बघू, कारण त्या तुमच्या एकटीच्या नाहीत, अख्ख्या महाराष्ट्राच्या आहेत.

पहिली साधी. सण 'डू' करत नाहीत, 'सेलिब्रेट' करतात. मराठीत आपण दिवाळी करतो, बारसं करतो, बेंदूर करतो, सगळं 'करतो' वर भागतं, इंग्रजीत भागत नाही. 'इन आषाढ' मात्र बरोबर, महिन्याला 'इन'.

दुसरी. "वी आर पेंटिंग द हॉर्न्स". ताई, तुम्ही मराठीत असं बोलाल का? बेंदराला आम्ही शिंगं रंगवतो, असं म्हणाल. शिंगं रंगवतोय असं कधी म्हणाल, तर बेंदराच्या सकाळी माहेरून फोन आला काय करताय आणि तुमचे हात रंगात आहेत तेव्हा. 'रंगवतो' ला "वी पेंट", 'रंगवतोय' ला "वी आर पेंटिंग". म्हणजे हा फरक तुमच्या तोंडात आधीपासूनच आहे, इंग्रजी लिहिताना आपण उगाच 'आर' आणि 'आयएनजी' लावतो कारण ते जास्त इंग्रजी वाटतं. याच सवयीनं एक विद्यार्थी मला म्हणाला होता "आय अ‍ॅम हॅविंग टू बुल्स", त्याला म्हटलं बाळा दोन बैल एका वेळी खातोस होय रे! मालकी सांगायची तर नुसतं "आय हॅव".

तिसरी चूक सगळ्यात महत्त्वाची आणि ती मराठीमुळंच होते. "मी गेल्या वर्षी माहेरी गेले होते." आपल्याला हे 'होते' लावल्याशिवाय चैन पडत नाही. काल बाजारात गेलो होतो, परवा पुसेगावच्या यात्रेला गेलो होतो, रथावर नोटा लावल्या होत्या. मग आपण शब्दाला शब्द लावून "हॅड गॉन" करतो. इंग्रजीत झालेली गोष्ट सरळ सांगायची असली की "आय वेंट", बास. 'हॅड' कधी येतं, तर भूतकाळातल्या दोन गोष्टींमधली आधीची कुठली ते दाखवायचं असेल तेव्हा. आम्ही पुसेगावला पोचलो तोवर रथ निघून गेला होता, "व्हेन वी रीच्ड पुसेगाव, द चॅरियट हॅड लेफ्ट". पोचणं नंतरचं, रथ जाणं आधीचं. एकच गोष्ट असेल तर 'हॅड' ला घरी बसवा.

आता इन, ऑन, अ‍ॅट. मोठ्या डब्यातून छोट्या डब्याकडं जायचं. वर्ष, महिना यांना 'इन'. ठराविक दिवसाला 'ऑन', मग "ऑन रंगपंचमी", "ऑन १५ ऑगस्ट", आणि तुमचं "ऑन बेंदूर" पण चाललं. घड्याळाच्या वेळेला 'अ‍ॅट'. एक जागा पोरांना नेहमी चकवते, सकाळी म्हणजे "इन द मॉर्निंग" पण पाडव्याच्या सकाळी म्हणजे "ऑन द मॉर्निंग ऑफ पाडवा", दिवस ठरला की 'ऑन' आला. आणि नुसत्या सणाच्या नावाआधी 'द' लावू नका. "द दिवाळी" नाही, "दिवाळी". पण "द दिवाळी हॉलिडेज" चालतं, कारण तिथं 'द' सुट्ट्यांसाठी आलाय.

चालीरीतींचा खरा फायदा कर्मणी प्रयोगाला, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइसला होतो. आमच्या इथं बावधनचं बगाड असतं रंगपंचमीला, म्हणजे बैलांनी ओढायचा लाकडी गाडा आणि त्यावर उंच टांगलेला नवसाचा माणूस, तो बगाड्या. आपण सांगताना काय म्हणतो, बगाड्याला वर चढवतात, बैल जुंपतात, बगाड ओढत गावात आणतात. कोण चढवतात? कोण जुंपतात? कर्ता कुठाय? मराठीला लागतच नाही, 'तात' मध्ये सगळा गाव आला. इंग्रजीला कर्त्याशिवाय वाक्य उभं करता येत नाही, म्हणून तिथं "द बगाड इज पुल्ड बाय बुल्स". गुढी उभारतात, "द गुढी इज रेज्ड". मूर्ती विसर्जन करतात, "द आयडल इज इमर्स्ड". आम्ही शाळेत "राम ईट्स अ मँगो" चं "अ मँगो इज ईटन बाय राम" करत बसायचो. असं वाक्य आयुष्यात कोण बोलतं सांगा! पोरांना वाटायचं व्हॉइस म्हणजे नुसती कसरत.

तुमच्या तमिळच्या प्रश्नावर दुसरं कुणीतरी बोलेल, माझा चहा निवला.

कडेगावकर_पाटलीण

मास्तरांनी छान सांगितलं, त्यात माझी थोडी भर. आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं ऐकलं असेल सगळ्यांनी, २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. माझी बहीण तिकडं दिलीय. तिच्या पोरानं शाळेत यावर निबंध लिहिला आणि त्यात लिहिलं "अ‍ॅट सेव्हन द सायरन स्टार्ट्स अँड टीव्ही क्लोजेस". सर म्हणाले "द सायरन गोज ऑफ" असं म्हणतात. पोरगं गोंधळलं, ऑफ म्हणजे बंद ना मग भोंगा बंद कसा होईल तो तर वाजतोय! तर इंग्रजीत भोंगा, गजर असलं काही 'गोज ऑफ' झालं म्हणजे वाजलं, आणि लाईट 'गोज ऑफ' झाली म्हणजे गेली. म्हणजे वडगावात सात वाजता दोन्ही गोष्टी एकदम गो ऑफ होतात, भोंगा वाजतो आणि टीव्ही बंद पडतो. आता ते पोरगं हे जन्मात विसरणार नाही.

आणि 'क्लोज' चं पण सांगते, आपण सगळेच म्हणतो पंखा क्लोज कर, टीव्ही क्लोज कर, कारण आपल्याकडं दार पण बंद आणि पंखा पण बंद, एकच शब्द. इंग्रजीत दार 'क्लोज', पंखा 'स्विच ऑफ'. तसंच लावणे. दिवा लाव, टीव्ही लाव, कुकर लाव, दार लाव, शेवटच्याचा तर अर्थच उलटा. मराठी शिकणाऱ्याचं काय होत असेल देव जाणे.

अजून एक, भोंग्यावरूनच. आपण म्हणतो भोंगा वाजला की टीव्ही बंद करू. वाजला, म्हणजे भूतकाळ! आणि अजून वाजायचाय. पाऊस पडला की पेरू, पगार झाला की देतो. किंवा मग 'वाजेल तेव्हा' म्हणतो. इंग्रजीत यातलं काहीच नाही, ना 'व्हेन द सायरन विल गो ऑफ', ना 'वेंट ऑफ'. सरळ "व्हेन द सायरन गोज ऑफ, वी विल स्विच ऑफ द टीव्ही". 'विल' एकदाच आणि ते पण दुसऱ्या भागात. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही, भाच्याच्या वहीतून कळलं.

मोबाईल_डॉक्टर_सांगली

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, ग्रामर बिमर मला नावानं येत नाही पण दिवसभर इंग्रजी मेसेज वाचून लोकांना अर्थ सांगायचं काम माझंच, त्यामुळं टेक्नॉलॉजीच्या धड्यावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो 😄

ताई तुमच्या हातातच पुस्तक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही स्वतः मेसेज उडवला तर काय येतं, "यू डिलीटेड धिस मेसेज". समोरच्यानं उडवला तर "धिस मेसेज वॉज डिलीटेड". पहिल्यात कुणी केलं ते आहे, दुसऱ्यात नाव गायब. मास्तर म्हणाले ते कर्मणी का काय ते हेच की. आमच्या दुकानात एक काकू आल्या होत्या तक्रार घेऊन की सुनेनं मेसेज उडवला की नाव येत नाही आणि माझा उडवला की 'यू' येतं, हा काय न्याय. त्यांना समजवता समजवता मलाच समजलं.

बँकेचा मेसेज बघा, "हॅज बीन डेबिटेड". पार्सलचा बघा, "हॅज बीन शिप्ड". हे 'हॅज बीन' म्हणजे झालंय आणि त्याचा परिणाम आत्ता तुमच्यावर आहे, पैसे गेलेत, पार्सल निघालंय. "फरगॉट पासवर्ड?" मध्ये तर 'यू' पण नाही, प्रश्न नीट केलेला पण नाही, पूर्ण वाक्य "डिड यू फरगेट युवर पासवर्ड" असं होईल, बटणावर जागा नाही म्हणून कापलंय. आणि नुसतं "टायपिंग" येतं तिथं 'इज' खाल्लेलं असतं. म्हणजे मोबाईलचं इंग्रजी तोडकं असतं, ते वाचून शिका पण पेपरात तसंच्या तसं लिहू नका.

आणि ती फोनवरची बाई! "द नंबर यू आर कॉलिंग इज करंटली स्विच्ड ऑफ". हे वाक्य आपण हजार वेळा ऐकलंय. तीच मराठीत सांगते तेव्हा आपण ज्या क्रमांकावर संपर्क साधत आहात तो सध्या बंद आहे, असलं काहीतरी. मराठीत ज्या आणि तो अशी जोडी लागते, इंग्रजीत जोडी तर नाहीच पण "द नंबर" आणि "यू आर कॉलिंग" यांच्या मधला 'विच' पण गाळून टाकलाय. मी पोराला सांगितलं असं वाक्य कुठं अडलं की त्या बाईला आठव. जी साडी तू नेसलीस ती छान आहे, "द साडी यू आर वेअरिंग इज नाइस". चाल तीच.

एक गंभीर सांगतो. सांगलीत आम्हाला हे 'हॅज' पुरानं शिकवलंय. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. "द वॉटर हॅज रीच्ड ४० फीट" असा मेसेज आला की आम्ही दुकानातली मशीन उचलून माळ्यावर टाकायला लागतो. पाणी आलंय. आणि "द वॉटर रीच्ड ४० फीट इन ऑगस्ट २०१९" म्हटलं तर ती गोष्ट झाली, चहा पीत ऐकायची. साल सांगितलं की 'हॅज' लावायचं नाही. २०१९ ला माझं दुकान आठ दिवस पाण्यात होतं त्यामुळं हे उदाहरण मला दुसऱ्या कुणी द्यायला नको.

एमपीएससी_२०२६_सातारा

सगळं ठीक आहे पण एक उलटं मत मांडतो. मी चार वर्षं अभ्यास करतोय. परीक्षेत एरर शोधायला येतात तिथं बेंदूर आणि भोंगा कामाला येत नाही, नियम माहीत लागतात आणि अपवाद पाठ लागतात. उदा. मास्तर म्हणाले दिवसाला 'ऑन'. मग "अ‍ॅट ख्रिसमस" बरोबर का चूक? आमच्या क्लासच्या नोट्समध्ये एका पानावर बरोबर आहे आणि दुसऱ्या पानावर चूक. टेक्नॉलॉजीवरून शिका म्हणता पण टेक्नॉलॉजीच आता ग्रामर दुरुस्त करून देते, चॅटबॉटला वाक्य टाका लगेच नीट करून मिळतं, मग शिकायचं कशाला असं आमच्या रूमवरचे अर्धे म्हणतात.

वाईचे_मास्तर

दोन्ही पानं अर्धी अर्धी बरोबर आहेत. "अ‍ॅट ख्रिसमस" म्हणजे नाताळच्या दिवसांत, तो सगळा काळ. "ऑन ख्रिसमस डे" म्हणजे २५ डिसेंबरलाच. इंग्लंडातले लोक ईस्टरला पण "अ‍ॅट ईस्टर" म्हणतात. आता आपल्याकडं लावा, दिवाळीत पोरं घरी येतात, चार पाच दिवसांचा सण, "अ‍ॅट दिवाळी". लक्ष्मीपूजनाला दुकान बंद, एकच दिवस, "ऑन लक्ष्मीपूजन". दिवाळी'त' आणि पूजना'ला', बघा मराठीनं पण प्रत्यय बदलला. शनिवार रविवारचं तर इंग्रज "अ‍ॅट द वीकेंड" म्हणतात आणि अमेरिकन "ऑन द वीकेंड", त्यात पेपर काढणाऱ्यानं पडू नये.

अपवाद पाठ करा, माझी ना नाही, पण दिवाळीत चिकटवलेला अपवाद परीक्षेच्या हॉलमध्ये आठवतो, नोट्समधला घामात धुऊन जातो. चॅटबॉटचं म्हणाल तर तो वाक्य नीट करून देतो हे खरं, पण तुम्ही त्याला "हॅड गॉन" का काढलंस असं विचारता का? विचारलंत तर सांगेल. बहुतेक जण कॉपी करतात आणि पुढं जातात. मी हल्ली नातीला असंच करायला लावतो, आधी तिनं तिच्या दिवाळीच्या किल्ल्यावर पाच ओळी लिहायच्या, मग मशीनला दाखवायच्या, आणि मग जे बदललं ते मला मराठीत समजावून द्यायचं. मला नाही समजलं तर पुन्हा.

किल्ल्यावरून आठवलं. आम्ही लहानपणी किल्ला करायचो, माती आणायचो, अळीव पेरायचो. हे 'करायचो, आणायचो' म्हणजे "वी यूज्ड टू मेक". इथं मराठी तुमच्या बाजूनं आहे, 'आयचो' दिसलं की "यूज्ड टू". "वूड" पण चालतं, पण "आमच्याकडं रेडिओ असायचा" ला "वूड हॅव" करू नका, तिथं "वी यूज्ड टू हॅव अ रेडिओ". कृतीला दोन्ही, असण्याला एकच.

गलाईवाला_खानापूर

वहिनी, तमिळचं मी सांगतो. मी कोईमतूरला अठरा वर्षं आहे. दुकानात तमिळ चुकलं तर गिऱ्हाईक हसायचं आणि नीट करून सांगायचं, सोनं वितळत असताना कुणाला लाज वाटायला वेळ नसतो. इंग्रजी चुकलं की शाळेत छडी आणि चारचौघांत हसं, म्हणून तोंड उघडत नाही. बाकी ग्रामर दोन्हीला आहे. माझी बायको चतुर्थीला मुलीच्या मैत्रिणीच्या आईला म्हणाली "टुडे आय अ‍ॅम फास्ट", ती बाई म्हणे मी पण फास्ट आहे रोज पाच किलोमीटर चालते. तेव्हापासून आमच्या घरात "आय अ‍ॅम फास्टिंग" कुणी चुकत नाही.

वाईचे_मास्तर

वा! उपवास धरतो ते "कीप अ फास्ट", सोडतो ते "ब्रेक अ फास्ट", आणि रात्रभराचा उपवास सकाळी सोडतो तो ब्रेकफास्ट. हॉलिडे हा शब्द पण मुळात 'होली डे', पवित्र दिवस. म्हणजे ताईंच्या पुस्तकानं सण आणि सुट्टी एका धड्यात घातले ते काही चुकीचं नाही.

विट्याची_सून

बापरे एवढं लिहिलंत सगळ्यांनी, डोळ्यात पाणी आलं. गलाईवाले भाऊजी तुमचं एकदम पटलं. काल रात्री मी आणि मुलीनं बसून बेंदूर परत लिहिला, मोबाईल बाजूला ठेवून. खरं सांगायचं तर आमच्याकडं आता बैल नाहीत, पहिल्यांदा लिहिलं ते जुन्या आठवणीनं. आता हे बघा:

"वी सेलिब्रेट बेंदूर इन आषाढ. ऑन द मॉर्निंग ऑफ बेंदूर, द बुल्स आर वॉश्ड अँड देअर हॉर्न्स आर पेंटेड. वी यूज्ड टू हॅव फोर बुल्स. नाऊ वी हॅव अ ट्रॅक्टर. लास्ट इयर माय फादर-इन-लॉ वॉश्ड द ट्रॅक्टर अँड पुट अ गार्लंड ऑन इट. पुरणपोळी वॉज ऑफर्ड टू द ट्रॅक्टर."

मोबाईल_डॉक्टर_सांगली

ट्रॅक्टरनं खाल्ली का 😂

वाईचे_मास्तर

एकही लाल खूण नाही. पण ताई, एक विचारू? मी आर्टिकलचं तुम्हाला सणाच्या नावापलीकडं काही सांगितलं नव्हतं. आधी "अ ट्रॅक्टर" आणि पुढच्या वाक्यापासून "द ट्रॅक्टर", हे कसं सुचलं?

विट्याची_सून

ते मुलीनं केलं सर. मी सगळीकडं 'अ' च लिहिलं होतं. तिला विचारलं का बदललं, तर म्हणाली अगं पहिल्यांदा सांगताना कुठला ते त्यांना माहीत नाही, आता सांगून झालं ना, आता तो आपलाच ट्रॅक्टर.